नागपूरची एम्प्रेस मिल: मॉलला नाव देऊन गेलेली गिरणी

गणेशपेठकर

नागपुरात कॉटन मार्केट आणि गांधीसागर तलाव यांच्या मधल्या पट्ट्यात आज एम्प्रेस मॉल आणि एम्प्रेस सिटीच्या इमारती आहेत. आत खरेदी करणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलांना विचारलं तर बहुतेकांना वाटतं की 'एम्प्रेस' हे बिल्डरने शोधलेलं झोकदार नाव आहे. याच जमिनीवर सव्वाशे वर्षं गिरणी चालली. पुढे पोलाद, वीज आणि विज्ञान संस्था उभारणाऱ्या जमशेटजी टाटांचा पहिला टिकाऊ उद्योग इथे, आपल्या तलावाच्या काठी उभा राहिला. १ जानेवारी २०२७ ला त्या घटनेला दीडशे वर्षं होतील. त्याआधी हा इतिहास एका जागी यावा म्हणून हा धागा काढतोय. ज्यांच्या घरात कोणी एम्प्रेसमध्ये होतं त्यांनी जरूर लिहावं.

सुरुवात मी करतो.

जमशेटजींनी आधी मुंबईत चिंचपोकळीला १८६९ मध्ये बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली. 'अलेक्झांड्रा मिल' तिचं नाव. दोन वर्षांत ती नफ्यात विकली आणि ते इंग्लंडमधल्या लँकेशायरला जाऊन गिरणीधंदा नीट पाहून आले. परतल्यावर सगळ्यांना वाटलं की हा माणूस पुढची गिरणी मुंबईतच काढणार. पैसा तिथे, बंदर तिथे, मजूर तिथे. त्यांनी निवडलं नागपूर.

का, ते नकाशा उघडला की कळतं. एका अंगाला वऱ्हाड, दुसऱ्या अंगाला हिंगणघाट-वर्धा, सगळा कापसाचा मुलूख. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) मँचेस्टरला अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा याच कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६७ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. वरोऱ्याला दगडी कोळसा निघाला आणि तोही रेल्वेने येऊ लागला. कापूस, कोळसा, रूळ आणि कापड विकायला मध्य प्रांताची भली मोठी बाजारपेठ, सगळं हाताच्या अंतरावर. मुंबईच्या गिरण्या हाच कापूस शेकडो मैल वाहून न्यायच्या आणि कापड परत इकडे विकायला पाठवायच्या. दोन्ही वेळचं भाडं वाचवायचं, हा साधा व्यापारी विचार होता.

१८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. भांडवल १५ लाख रुपये. जागा घेतली जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची, भोसल्यांच्या मालकीची. हा तलाव गोंड राजा चांद सुलतानच्या काळापासूनचा. भोवतालची जमीन दलदलीची, म्हणून स्वस्त. भर टाकून ती वर आणावी लागली. तेव्हाची एक गोष्ट नागपुरात अजून सांगतात: एका स्थानिक सावकाराकडे भांडवलासाठी विचारणा केली तर तो म्हणाला, हा माणूस खड्ड्यात सोनं पुरतोय, मी पैसे देणार नाही. काही वर्षांनी गिरणीचा लाभांश पाहून त्यानेच कबूल केलं की टाटांनी खड्ड्यात माती टाकली आणि सोनं बाहेर काढलं.

१ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून गिरणी 'एम्प्रेस'. सुरुवातीला सुमारे ३० हजार चात्या (सूत गुंडाळणारे फिरते दांडे) आणि ४५० माग होते.

तूर्त एवढंच. यंत्रांबद्दल जाणकारांनी लिहावं.

---

भाऊ वैदर्भी

वा भाऊ, झकास धागा. आमचे आजोबा अन् बाबा दोघंही एम्प्रेसमध्येच होते. आजोबा रिंग खात्यात, बाबा विणाईत. महालात घर होतं आमचं. भोंगा झाला का आई म्हणे, "चला, बाबांचा डबा भरा." घड्याळ होतं घरात, पण त्याच्याकडे पाहतो कोण? आख्खा महाल भोंग्यावर चालून राहिला होता. दुधवाला, पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचा चहा, सारं भोंग्यावर.

बाबा घरी आले का कानाच्या पाळीवर, भुवईवर, डोक्यात कापसाची पांढरी लव बसलेली राहे. आम्ही पोरं ती झटकून काढत जाऊ. अन् मोठ्यानं बोलत होते ते. माग खात्यातले सारेच मोठ्यानं बोलत, कारण आतमधी ऐकूच येत नसे काही. खात्यात तर हातवारे अन् ओठांवरनंच चाले बोलणं. रिटायर झाल्यावर बी आम्ही बाबांसमोर तोंड करून बोलत होतो, कान गेले होते त्यांचे. तवा कोणी याले कामाचा आजार म्हणत नसे.

कोष्टी समाजाची भल्ली माणसं होती विणाईत. घरी हातमाग, तिकडे गिरणीतला माग. इतवारी, महाल, गोळीबार चौक, इकडच्या घरातनी धोट्याचा (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) आवाज अन् गिरणीचा भोंगा संगच ऐकू येई.

---

साचेवाला

मी टेक्स्टाइल डिप्लोमा करून विदर्भातल्या गिरण्यांमध्ये आयुष्य काढलं. यंत्रांबद्दल लिहितो, कारण एम्प्रेसचं खरं मोठेपण तिथे आहे आणि ते फार कमी लिहिलं जातं.

गिरणी सुरू झाली तेव्हा सूत कातायला दोन प्रकारचे साचे होते, थ्रॉसल आणि म्यूल. म्यूलची गाडी रुळांवर चार-पाच फूट बाहेर येते. येताना पेळू ओढला जातो, त्याला पीळ बसतो. मग गाडी परत आत जाते आणि तेव्हा सूत चातीवर गुंडाळलं जातं. म्हणजे कातणं आणि गुंडाळणं आलटून पालटून. सूत उत्तम निघतं, पण वेळ जातो आणि चालवायला मुरलेला कारागीर लागतो. लँकेशायरमध्ये म्यूलवाल्या कारागिराचा मोठा दरारा होता.

रिंग साच्यात ही ये-जा नाही. चातीभोवती पोलादी कडी असते. त्या कडीवर एक बारीक तारेचा आकडा (ट्रॅव्हलर) गरगर फिरतो आणि त्याच्यातून सूत जातं. पीळ बसणं आणि बॉबिनवर गुंडाळणं एकाच वेळी, न थांबता. उत्पादन वाढतं आणि नवा माणूस थोड्या दिवसांत तयार होतो. विदर्भातला तेव्हाचा कापूस आखूड धाग्याचा, त्यातून जाडंभरडं सूत निघायचं, आणि अशा सुताला रिंग फार मानवते.

इंग्लंडमधले बडे यंत्रवाले तेव्हा रिंगबद्दल साशंक होते. जमशेटजींचे तंत्रज्ञ जेम्स ब्रूक्सबी यांनी १८८३ च्या सुमारास एम्प्रेसमध्ये रिंगच्या चाचण्या घेतल्या. आकडे चांगले आले तशी गिरणी रिंगवर आणली. लँकेशायर पुढे कित्येक दशकं म्यूलला धरून बसलं आणि नागपूर पुढे गेलं. आज जगात कुठेही सुती धाग्याची गिरणी पाहा, बहुतेक ठिकाणी रिंगच दिसेल.

दुसरी गोष्ट, हवा. एप्रिल-मेमध्ये नागपूरचं तापमान ४५ अंशांच्या पुढे जातं आणि हवा हाडासारखी कोरडी होते. कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होतो, क्षणाक्षणाला तुटतो. तुटला की साचेवाल्याने हाताने जोडायचा, तोवर ती चाती रिकामी फिरणार. मुंबईला समुद्राची दमट हवा फुकट मिळते, नागपूरला ती यंत्राने तयार करावी लागली. म्हणून हवेत ओलावा सोडणारी यंत्रं (आमच्या भाषेत ह्युमिडिफायर) एम्प्रेसमध्ये देशात अगदी सुरुवातीला बसली. आग विझवायला छतात आपोआप उघडणारे पाण्याचे फवारेही तिथे लवकर आले. कापूस, तेलकट लाकडी फरशी आणि घर्षण एकत्र असतं तिथे एका ठिणगीने अख्खं खातं जाऊ शकतं.

सुरुवातीची यंत्रं हलक्या प्रतीची निघाली होती आणि ती बदलण्यात बराच पैसा गेला. काटकसर कुठे करू नये हे गिरणी पहिल्या काही वर्षांतच शिकली.

---

परळकर

वाचतोय, फार सुरेख चाललंय. मुंबईच्या गिरणगावातला असल्याने थोडी भर घालतो.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती प्रत्यक्ष चालू झाली. म्हणजे एम्प्रेस तिच्यानंतर वीस वर्षांनी आली. पण कापूस पिकतो तिथे जाऊन गिरणी काढायची, हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं एम्प्रेसने. हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर, अकोला इथल्या गिरण्या त्याच वाटेवरच्या.

कामगार इतिहासाच्या पुस्तकांत एम्प्रेसचं नाव आणखी एका कारणाने येतं आणि ते या धाग्यावर अजून आलेलं नाही. हिंदुस्थानातल्या कापडगिरण्यांमधला नोंदला गेलेला पहिला संप १८७७ मध्ये एम्प्रेस मिलमध्येच झाला. मजुरीच्या दरांवरून. ज्या वर्षी गिरणी सुरू झाली त्याच वर्षी. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली १८८४ मध्ये. म्हणजे त्याच्याही सात वर्षं आधी, कुठलीही युनियन, झेंडा, पुढारी नसताना नागपूरचे कामगार काम थांबवून उभे राहिले.

दीडशे वर्षं साजरी करायची असतील तर ती दोन्हीची करा, गिरणीची आणि त्या संपाची.

---

गणेशपेठकर

परळकर, हे आलं ते उत्तम झालं. मात्र पुढे याच गिरणीने कामगारांसाठी जे केलं तेही मांडायला हवं. सुरुवातीच्या काळात रोज कितीतरी कामगार गैरहजर असत. पेरणी आली, लग्नसराई आली, की खाती ओस. तेव्हाचे मालक अशा वेळी दंड लावायचे, पगार अडकवून ठेवायचे. इथे उलट केलं. नियमित हजेरीला बक्षिसं लावली आणि वर्षाकाठी समारंभ करून घड्याळं, कापड वाटलं. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड.

यातल्या तारखा कायद्यांशी ताडून पाहा. अपघात भरपाईचा कायदा देशात आला १९२३ मध्ये, प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२ मध्ये. आज प्रत्येक नोकरदाराच्या पगारपत्रकावर जो 'पीएफ' दिसतो, तो नागपूरच्या गिरणीत पन्नास वर्षं आधी होता.

व्यवस्थापक होते बेझनजी दादाभाई मेहता. मूळचे जीआयपी रेल्वेच्या मालवाहतुकीतले, कापडधंद्याचा काडीचा अनुभव नसलेले. जमशेटजींनी माणूस पारखून घेतला आणि बेझनजींनी गिरणी नावारूपाला आणली. उत्तर नागपुरातल्या बेझनबागेला त्यांचंच नाव आहे.

---

इंदोऱ्याची लेक

बेझनबागेचा उल्लेख आला म्हणून खास लॉगिन केलं. मी त्याच भागातली.

गणेशपेठकर, तुम्ही दिलेल्या तारखा खऱ्या आहेत आणि महत्त्वाच्याही. पण त्यांच्या शेजारी आणखी काही तारखा ठेवायला हव्यात. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तेव्हा सात वर्षांच्या मुलाला कामावर ठेवता येत होतं, दिवसाला नऊ तास. १८९१ च्या कायद्याने बायकांचे तास अकरावर आणले. पुरुषांच्या तासांना मर्यादा आली १९११ मध्ये, तीही बारा तासांची. हे देशभरातल्या गिरण्यांचं होतं. फंड आणि पेन्शन मोठी गोष्ट होतीच, पण ती मिळण्याआधी माणसाला रोज इतके तास त्या आवाजात आणि कापसाच्या धुळीत उभं राहावं लागायचं. फुफ्फुसात कापूस जाऊन जो दमा होतो त्याला डॉक्टरी नाव आहे बिसिनोसिस. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती सगळ्यात जास्त भरते, ही त्याची खूण. आमच्या वस्तीत म्हातारी माणसं त्याला नुसतं 'गिरणीचा खोकला' म्हणायची.

आता वस्तीबद्दल. एम्प्रेसने इंदोऱ्याकडे कामगारांसाठी वसाहत उभारली. कर्ज घेऊन कामगाराने स्वतःचं घर बांधावं अशी सोय होती. शहरातल्या अस्पृश्य समाजाला दुसरीकडे भाड्याची खोलीही कोणी देत नव्हतं, त्या काळात स्वतःच्या नावावर घर होणं किती मोठं होतं हे त्या घरात वाढलेल्यांनाच कळेल. १९२० च्या दशकात वायएमसीए या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेकडून वस्त्यांमध्ये शाळा, खेळ, रात्रीचे वर्ग असं काम चाले.

गिरणीचा पगार दर महिन्याला रोख यायचा. गावगाड्यात बलुत्यावर, शिळ्या भाकरीवर जगणाऱ्या महार समाजाच्या हातात हा पैसा आला. त्यातून मुलांच्या फिया भरल्या गेल्या, वर्तमानपत्रं घेतली गेली, सभांना वर्गणी दिली गेली. मे १९२० मध्ये नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद झाली. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना नागपुरात झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूर निवडलं. त्या दिवशी दीक्षाभूमीवर जी माणसं होती त्यांत उत्तर नागपुरातले गिरणी कामगार घरंच्या घरं घेऊन आलेले होते. माझी आजी सांगायची, पांढरी साडी घ्यायला पैसे आले ते आजोबांच्या गिरणीच्या पगारातून.

माझ्या लेखी एम्प्रेसचा सगळ्यात मोठा परिणाम हा आहे, आणि तो कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात सापडणार नाही.

---

परळकर

इंदोऱ्याची लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मुंबईची बाजू जोडतो. आमच्याकडे गिरणीत शिरायला मिळालं तरी महार कामगाराला विणाई खात्यात घेत नसत. तेव्हाच्या धोट्यात कांडी भरली की धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायला तोंड लावून ओढावं लागे. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार, म्हणून सवर्ण विणकरांनी 'विटाळा'चं कारण पुढे केलं. विणाईत पगार चांगला, कताईत कमी. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे ठेवला होता. आणि तोच धोटा क्षयरोगाचा जंतू एका छातीतून दुसऱ्या छातीत नेत होता, जात न विचारता.

---

उत्तरप्रकाश

वास्तुविशारद म्हणून इमारतीबद्दल थोडं. धागा कारखान्याच्या इमारतीचा आहे आणि अजून इमारतच आलेली नाही.

कापडगिरणीचा आकार शोभेसाठी ठरत नाही, यंत्रं ठरवतात. कताईचे साचे तुलनेने हलके आणि एका लयीत फिरणारे, म्हणून ते मजल्यांवर एकावर एक ठेवता येतात. मागाचं तसं नाही. धोटा मिनिटाला शेकडो वेळा फेकला आणि अडवला जातो, त्याचा हादरा जमिनीनेच घ्यावा लागतो. म्हणून विणाईची खाती बैठी, जमिनीलगत. कुठल्याही जुन्या गिरणीत उंच मजल्यांची इमारत दिसली की कताई आणि पसरट शेड दिसली की विणाई, असं ओळखावं.

त्या शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असतं. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला. आपल्या अक्षांशांवर उत्तरेकडून थेट ऊन जवळपास येत नाही, सबंध दिवस सारखा, सावली न पडणारा उजेड येतो. तुटलेला पांढरा धागा पांढऱ्या ताण्यात (मागावरच्या उभ्या धाग्यांत) शोधायला असाच उजेड हवा. विजेचे दिवे यायच्या आधी गिरणीची पाळी सूर्यावर ठरायची, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठं.

वाफेचं इंजिन एकच. त्याच्या भल्यामोठ्या चाकावरून दोर निघायचे, ते प्रत्येक मजल्यावरच्या लांबलचक दांड्याला फिरवायचे आणि त्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक साच्यापर्यंत. म्हणून इमारती लांब आणि अरुंद, ओतीव लोखंडाच्या खांबांची रांग ठरावीक अंतराने. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र विजेची मोटर आली आणि या रचनेची गरज संपली, पण भिंती तशाच राहिल्या. तलाव शेजारी असण्यालाही अर्थ आहे. बॉयलरला पाणी लागतं आणि इंजिनातली वाफ थंड करायला त्याहून कितीतरी जास्त लागतं.

अशी इमारत मजबूत असते, उंच असते, उजेडाची असते. वाचनालय, संग्रहालय, तंत्रशाळा, काहीही होऊ शकतं तिचं. मुंबईत फिनिक्स मिलची चिमणी तरी मॉलच्या आवारात उभी आहे. नागपूरला एवढ्या मोठ्या आवारातलं एखादं पूर्ण खातं, छप्पर आणि खांबांसह, राखायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. चिमणी दुरून दिसते म्हणून लोक चिमणी वाचवतात. कामगाराचं आयुष्य गेलं त्या शेडखाली.

---

भाऊ वैदर्भी

हाव, उजेडाचं एकदम बरोबर बोलले. बाबा म्हणत, "आपल्या खात्यात सावली नसे."

अन् रुईकर साहेबांचं नाव अजून कोणीच काढलं नाही? रा. स. रुईकर. नागपूरच्या गिरणी कामगारांचा पुढारी म्हणजे रुईकर. वकिली शिकलेला माणूस, पण सारा जन्म कामगारांत घालवला. आमच्या आजोबाच्या ट्रंकेत त्यांच्या सभेचं पत्रक होतं जपून ठेवलेलं. आजोबा सांगत, दिवसभर उभं राहून पाय सुजले तरी माणसं सभेले जात.

---

तलावपाळी

इतके दिवस नुसती वाचत होते, आता लिहिते.

बायकांबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. माझ्या सासूबाई आणि त्यांची आई, दोघी गिरणीत. बायका मुख्यतः रीलिंग आणि वाइंडिंगमध्ये असायच्या, म्हणजे सुताच्या लडी करणं आणि बॉबिनवरचं सूत मोठ्या कांडीवर भरणं. हात चपळ लागतात आणि नजर. मजुरी कामावर, जितक्या लडी तितके पैसे. कच्चं सूत आलं, धागा सारखा तुटला, तर वेळ बाईचा जाणार आणि पैसे कापले जाणार ते तिचेच. संपाची कारणं इथेच असतात, दराच्या तक्त्यात.

पुढे रात्रपाळीला बायकांना कायद्याने मनाई झाली, नवी यंत्रं आली आणि बायकांची खाती आक्रसत गेली. कायदा त्यांच्या भल्यासाठी होता, पण दोन-तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरणीला 'फक्त दिवसाची' माणसं नकोशी झाली. सासूबाई हे फार शांतपणे सांगायच्या, पण सांगायच्या प्रत्येक वेळी.

त्यांचा हात शेवटपर्यंत सुटला नाही. सुईत दोरा ओवताना टोकाला पीळ देऊन गाठ मारायच्या, ती गाठ कापडात दिसायचीच नाही. साचेवाला, त्या गाठीला काय म्हणतात?

---

साचेवाला

तलावपाळी ताई, ती विणकरी गाठ. चपटी बसते, म्हणून मागाच्या फणीतून आणि वहीतून (ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या दोऱ्यांच्या चौकटीतून) अडकल्याशिवाय सरकते. वाइंडिंगवाल्या बायका ती डोळे मिटून, दोन-तीन सेकंदांत मारत. आम्हाला शिकवायला डिप्लोमाचे मास्तर होते, पण खरी शिकवली ती खात्यातल्या एका मावशीने.

आता शेवटच्या वर्षांबद्दल, कारण 'गिरणी का बुडाली' हा प्रश्न येणारच. एकच एक कारण शोधू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकांत यंत्रमाग पसरले. छोट्या शेडमध्ये, कमी मजुरीत, फंड-ग्रॅच्युइटीची जबाबदारी न घेता ते कापड काढू लागले. संघटित गिरणीचा विणाई विभाग त्या किमतीशी टक्कर देऊ शकत नव्हता. लोक सुतीकडून टेरिकॉटकडे वळले. जुनी यंत्रं बदलायची तर कोट्यवधी रुपये हवेत आणि ते गुंतवायला कोणी तयार नाही. १९७४ मध्ये देशभरातल्या शंभरावर आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात आपल्याच शहरातली मॉडेल मिल होती, अकोला, अचलपूर, हिंगणघाटच्या गिरण्या होत्या. एम्प्रेस तेव्हा टाटांकडेच राहिली. १९८६ मध्ये ती त्यांच्या हातून गेली आणि राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाने चालवायला घेतली. २००२ मध्ये कायमची बंद.

मला सगळ्यात जास्त हे खुपतं: कापूस पिकतो तिथे सूत काढायचं, हे १८७४ मध्ये बिनतोड गणित होतं. कापूस आजही विदर्भातच पिकतो. त्याच्या गाठी आज ट्रकमध्ये भरून दूरच्या राज्यांत जातात आणि कापड होऊन परत येतं. दोन्ही वेळचं भाडं पुन्हा आपणच भरतोय.

---

गणेशपेठकर

साचेवाला, शेवटचा परिच्छेद वाचून गलबललो.

एक दुवा राहिला होता, तो देतो. टाटांचा पोलादाचा शोधही आधी आपल्याच मुलखात, चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) लोहारा गावाकडे चालू होता. तिथे जमेना, म्हणून जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी सरकारी अधिकाऱ्यांना तसं कळवायला नागपूरच्या सचिवालयात आले. वाट पाहायची होती म्हणून समोरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजबबंगल्यात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भाचा नकाशा टांगलेला होता आणि त्यावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण. त्यावरून शोधपथक धल्ली-राजहराच्या डोंगरांपर्यंत गेलं. कारखाना शेवटी १९०७ नंतर साकचीला, आजच्या जमशेदपूरला झाला, पण धल्ली-राजहराचं लोखंड पुढे भिलाईच्या भट्ट्यांना मिळालं. एम्प्रेसने टाटांना नागपूरशी बांधलं नसतं, तर त्या नकाशासमोर कोण उभं राहिलं असतं?

---

इंदोऱ्याची लेक

धागा वर काढतेय, कारण नुसतं वाचून 'छान' म्हणून सोडायचं नाहीये.

इमारत गेली. पण गिरणीची कागदपत्रं घराघरात आहेत: हजेरीची कार्डं, पितळी बिल्ले, फंडाच्या पावत्या, दराचे तक्ते, युनियनची पत्रकं, वसाहतीच्या कर्जाचे कागद. २००२ ला पन्नाशीत असलेले कामगार आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे बसून बोललं पाहिजे, आणि मोबाइलवर का होईना, आवाज नोंदवून ठेवला पाहिजे. माझ्या वस्तीपुरतं मी सुरू केलंय. विचारते ते साधं: कुठलं खातं, कुठली पाळी, जॉबर (मुकादम) कसा होता, पहिला पगार किती, कामावर कोणी लावलं, दुखापत झाली का, संपात काय खाल्लं.

फोटो काढताना कागदाची मागची बाजूही काढा. माझ्या आजोबांच्या फंडाच्या पावतीमागे आजीने पेन्सिलीने किराण्याचा हिशेब लिहिलाय. इतिहास म्हणून पुढच्या बाजूइतकाच तो मोलाचा आहे.

---

तलावपाळी

मी आहे. महाल आणि गणेशपेठ माझ्याकडे. बायकांशी मी बोलेन. पुरुष समोर बसले की त्या गप्प होतात, म्हणून दुपारी जाईन.

---

भाऊ वैदर्भी

आजोबाची ट्रंक खाली काढली. रुईकर साहेबाचं ते पत्रक आहे, घडीवर फाटलंय. बाबाचा बिल्ला बी सापडला. कागद चिकटपट्टीनं जोडू का तसाच ठेवू?

---

उत्तरप्रकाश

भाऊ, चिकटपट्टी अजिबात लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होतो आणि अक्षरं खातो. पत्रक घडी उघडून, सपाट, दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये ठेवा आणि वर पुठ्ठा. लॅमिनेशनही नको. फोटो उन्हात न काढता खिडकीपाशी काढा, सकाळी, दिव्याशिवाय. बिल्ल्याला ब्रासो लावू नका, नंबर पुसट होतो.

इंदोऱ्याची लेक, आवाराचा जुना आराखडा खात्यांच्या नावांसह मी काढून देतो. ज्येष्ठांसमोर तो पसरला की 'मी इथे उभा असायचो' असं बोट ठेवून सांगता येईल. साचेवाला, ब्लो रूमपासून (कापूस मोकळा करून साफ करण्याच्या खात्यापासून) गाठी बांधण्याच्या खात्यापर्यंतचा क्रम लिहून द्याल का?

---

साचेवाला

लिहून घ्या. मिक्सिंग, ब्लो रूम, कार्डिंग, ड्रॉइंग, स्पीड फ्रेम, रिंग, वाइंडिंग, वार्पिंग, सायजिंग, ड्रॉइंग-इन, माग खातं, घडी खातं, बेलिंग. रीलिंग बाजूला वेगळं. बॉयलर हाऊस आणि इंजिन हाऊस शेजारी शेजारी ठेवा, मेकॅनिक शॉप त्यांच्या मागे. सायजिंगमध्ये खळ लावायचं काम असल्याने ते खातं सगळ्यात गरम, तिथल्या माणसांना मुद्दाम भेटा. त्यांच्याबद्दल कोणी विचारलेलं नसतं.